कोणीच न लावलेली झाडे

सह्याद्रीत ओक नाही. भारतात तो हिमालयात पाहायला मिळतो. कुमाऊँ-गढवालचा बांज त्याच कुळातला. या लेखातला ओक मात्र आणखी दूरचा आहे. अमेरिकेच्या पूर्वार्धात, उत्तरेला कॅनडाच्या सीमेपलीकडून दक्षिणेला फ्लोरिडाच्या वरच्या भागापर्यंत पसरलेला हा व्हाइट ओक. त्याची साल फिकट राखाडी असते आणि त्याच्या शास्त्रीय नावातही ‘अल्बा’, म्हणजे पांढरा, हा शब्द आहे. असे एक झाड बियापासून वाढवायचे तर काय काय करावे लागते, ते आधी पाहू. ज्या नैतिक प्रश्नाकडे मला यायचे आहे, तो या कामातूनच निघतो.

व्हाइट ओकचे बी मोठ्या बोराएवढे असते. डोक्यावर खवल्याखवल्यांची टोपी. पानगळीच्या दिवसांत ते झाडावरून पडते आणि काही आठवड्यांतच त्याला मूळ फुटते. त्याचा भाऊबंद रेड ओक वसंतापर्यंत थांबतो. व्हाइट ओक थांबत नाही. थंडी पडण्याआधी मूळ जमिनीत खोल जाते, आणि वर मात्र काहीच दिसत नाही. कोंब येतो तो थेट पुढच्या वसंतात. म्हणजे आयुष्याचे पहिले काही महिने हे झाड नुसते मूळच असते.

त्यामुळे बी गोळा करणाऱ्याला घाई करावी लागते. गहू-ज्वारीसारखे हे बियाणे वाळवून कणगीत ठेवता येत नाही. वाळले की ते मेले. गोळा केलेले बी पाण्यात टाकतात. तरंगणारे बहुधा पोकळ असते, नाहीतर सोंडकिड्याच्या अळीने आतून खाल्लेले. तळाला बसलेले ठेवायचे. ते खोल कुंडीत लावायचे, कारण सोटमूळ पहिल्याच वर्षी हातभर खाली जायला बघते. उथळ कुंडीत ते तळाशी गोल गोल फिरते, आणि तो वेढा पुढे झाडाच्याच गळ्याशी येतो. म्हणून जाणकार तळ उघडा असलेल्या कुंड्या वापरतात: मुळाचे टोक हवेला लागले की तिथे थांबते आणि बाजूने नवी मुळे फुटतात. कुंड्यांवर तारेची जाळी हवीच. करड्या खारीला हे बी फार आवडते. शिवाय साठवलेल्या बियाला मूळ फुटले की आतला साठा संपणार, हे जणू ओळखून ती पुरण्याआधी बियाच्या टोकाचा अंकुर कुरतडून टाकते. बी टिकते, खारीच्या हिवाळ्याची सोय होते. झाड तेवढे होत नाही.

एवढे सांभाळून पहिल्या वर्षअखेर हाती येते ते वीतभर किंवा त्याहूनही कमी उंचीचे, चार-सहा पानांचे रोप. ते जमिनीत लावले की हरणे येतात. मग भोवती उंच नळी किंवा जाळी लावा, दोन-तीन वर्षे गवत काढा, वरून ऊन येईल असे पाहा. इतके करूनही काही वर्षे फारसे काही घडताना दिसत नाही. फळ धरायला लवकरात लवकर वीस वर्षे, बरेचदा पन्नास. भरघोस बी येते तेही चार ते दहा वर्षांतून एकदा. कापण्याजोगे लाकूड व्हायला साधारण ऐंशी ते शंभर वर्षे. आणि कोणी कापले नाही, तर झाड तीनशे वर्षे सहज जगते.

चाळिशीत हे काम हाती घेतलेल्या माणसाच्या आयुष्यात यातले काय बसते? नळी, जाळी, गवत. फार तर पहिली मूठभर बिया. अशा कामाला आपण सगळेच निःस्वार्थ म्हणून मोकळे होतो. ज्याच्या सावलीत आपण बसणार नाही ते झाड लावणारा माणूस थोर, असा एक जगभरचा संकेत आहे. पण हे काम तो नेमके कोणत्या कारणाने करतो, आणि त्याने ते करायलाच हवे असे म्हणता येते का, हा प्रश्न त्या कौतुकात बुडून जातो.

या प्रश्नाची सर्वांत जुनी उत्तरे दोन. पहिले उत्तर ऋणाचे. तालमुदमध्ये होनी नावाच्या साधुपुरुषाची गोष्ट आहे. सत्तर वर्षांनी फळणारे कॅरोबचे झाड लावणाऱ्या माणसाला तो विचारतो, तू इतकी वर्षे जगणार आहेस का? त्या माणसाचे म्हणणे असे, की मी जगात आलो तेव्हा पूर्वजांनी लावलेली झाडे मला मिळाली, म्हणून मी पुढच्यांसाठी लावतो. आपल्याला हे परके वाटत नाही. पितृऋणाची कल्पना आपल्याकडे घराघरात आहे, आणि पुराणांनी तर एका वृक्षाची किंमत दहा पुत्रांएवढी लावली आहे. घेतले म्हणून द्यायचे. हिशेब सरळ आहे.

व्हाइट ओकच्या बाबतीत मात्र हा हिशेब जुळत नाही. आज अमेरिकेत कापायला तयार असलेले बहुतेक ओक कोणी लावलेले नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी तिथली जंगले मैलोन् मैल तोडली गेली, मागे राहिलेला पालापाचोळा पेटला, गुरे चरली. १९०४ साली न्यूयॉर्कमध्ये चेस्टनटवर पडलेली बुरशी आढळली आणि पुढच्या काही दशकांत त्या झाडाने जंगलातली जागा रिकामी केली. या सगळ्या उजाड, उन्हाने भरलेल्या जमिनीवर ओकला संधी मिळाली. कारण तोपर्यंत त्याची मुळे तयार होती. ओकच्या रोपाचा शेंडा आगीत जळला, हरणाने खाल्ला, सावलीत सुकला, तरी मूळ जिवंत राहते आणि पुन्हा कोंब फेकते. जंगलातल्या गुडघाभर रोपाचे मूळ त्याच्या खोडापेक्षा कितीतरी वर्षांनी मोठे असू शकते. वरचा पडदा हटला आणि ही थांबलेली मुळे उठली. आजचे शंभर वर्षांचे ओक हे आजोबा-पणजोबांच्या दूरदृष्टीचे फळ नव्हे. त्यांच्या बेपर्वाईतून ते अपघाताने उरले.

त्याच्या आधीची गोष्ट आणखी अवघड आहे. गोरे लोक येण्यापूर्वी तिथल्या मूळ रहिवाशांनी शतकानुशतके जंगलात ठरवून हलक्या आगी लावल्या. शिकार सोपी व्हावी, वाटा मोकळ्या राहाव्यात, फळे यावीत, अशी त्यामागची कारणे. जाड सालीचा, मुळातून उठणारा ओक या आगींत टिकला. पातळ सालीचे मेपल आणि बीच मागे राहिले. म्हणजे ज्या ओकवनाला नंतरच्यांनी निसर्गाची देणगी म्हटले, त्यात माणसांचा हात होता, आणि त्या माणसांना त्याच जमिनीवरून हुसकावले गेले. आता ऋण फेडायचेच म्हटले, तर ते कोणाचे? ज्यांनी जंगल राखले त्यांच्याकडून ते हिसकावलेले आहे. ज्यांच्याकडून वारशाने आले, त्यांनी ते दिलेले नाही. देणारा हात शोधायला गेले तर तो सापडत नाही.

आणि हा अपघात पुन्हा होणार नाही. विसाव्या शतकात आगी विझवणे हे धोरण झाले. सावलीत वाढणारे मेपल आणि बीच ओकच्या छत्राखाली दाटले. हरणे वाढली. २०२१ साली व्हाइट ओकसाठी काम करणाऱ्या तिथल्या एका व्यापक गटाने अहवाल प्रसिद्ध केला. व्हाइट ओकच्या प्रौढ जंगलांपैकी सुमारे ६० टक्के क्षेत्रात त्याचे एकही रोप आढळत नाही, आणि त्याहून मोठे, तरुण झाड तर सुमारे ८७ टक्के क्षेत्रात नाही, असे त्यात म्हटले आहे. वर पाहिले तर जंगल भरलेले दिसते, खाली पाहिले तर वारस नाही. म्हातारे खूप आणि पोर एकही नाही, अशा गावासारखे.

दुसरे जुने उत्तर निष्काम कर्माचे. फळाकडे पाहू नका, काम करत राहा. लांब पल्ल्याच्या प्रत्येक कामाला आपल्याकडे हे उत्तर सहज चिकटवले जाते, आणि शंभर वर्षांनी फळणाऱ्या झाडाला तर ते अगदीच शोभते. पण रोप वाढवणाऱ्याचा दिवस पाहा. तरंगणारे बी तो फेकतो, बुडणारे ठेवतो. मूळ वळले आहे का, म्हणून कुंडी उलटी करून पाहतो. शंभर रोपांतली वीस निवडतो. फळाची इच्छा नसलेला माणूस यातले काही करणार नाही. त्याला तरंगते आणि बुडते बी सारखेच. ओक वाढवणारा फळाविषयी उदासीन असता तर खारीने त्याला पहिल्याच हिवाळ्यात हरवले असते. त्याची इच्छा तीव्र असते, एवढेच की ती त्याच्या ताटात पडणार नाही. गीतेचा सखोल अर्थ लावणारे म्हणतील, की हीच तर अनासक्ती. तसे असेल तर वाद नाही. पण मग तिला ‘फळाकडे पाहू नका’ एवढ्या सोप्या वाक्यात बसवू नये. इथे फळाकडे फार बारकाईने पाहावे लागते.

ऋण नाही, निरिच्छताही नाही. मग काय उरते? व्यवहारी माणूस म्हणेल, उपयोग. आणि व्हाइट ओकची रोपे आज तयार होत आहेत त्यामागे उपयोग आहेच. अमेरिकन कायद्याप्रमाणे बर्बन व्हिस्की ओकच्या नव्या, आतून जाळलेल्या पिंपातच मुरवावी लागते. एकदा वापरलेले पिंप पुन्हा बर्बनला चालत नाही. ती पिंपे प्रामुख्याने व्हाइट ओकची, कारण त्याच्या लाकडातल्या नळ्या आतून बुजलेल्या असतात आणि पिंप गळत नाही. आठ-दहा वर्षे मुरणाऱ्या दारूला शंभर वर्षांचे झाड लागते. तेव्हा दारू गाळणारे, पिंपे करणारे, लाकूडवाले आज बियांवर आणि रोपांवर पैसे खर्च करतात, ते स्वतःच्या धंद्यासाठी. यात लाजण्यासारखे काही नाही. बियाला लावणाऱ्याचा हेतू कळत नाही.

पण उपयोगाचे आयुष्य झाडापेक्षा लहान असते. स्वीडनमधल्या विसिंग्सो बेटावर १८३० च्या दशकात आरमाराच्या जहाजांसाठी ओकची प्रचंड लागवड झाली. ती जात युरोपातली, पण अडचण तीच. १९७५ साली वनखात्याने आरमाराला कळवले, तुमची झाडे तयार आहेत. तोवर लढाऊ जहाजे पोलादाची होऊन शंभर वर्षे उलटली होती. ही गोष्ट लोक हसून सांगतात. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. बेटावर आज उत्तम ओकवन उभे आहे. लावणाऱ्यांचा अंदाज साफ चुकला आणि काम चुकले नाही. उपयोग हा झाड लावायला पुरेसा ठरला. झाड राखायला दुसरे काही लागले.

याची उलट बाजू अमेरिकेतच आहे. ‘यूएसएस कॉन्स्टिट्यूशन’ हे १७९७ साली पाण्यात उतरलेले लाकडी लढाऊ जहाज आजही बोस्टनच्या बंदरात तरंगते आहे, आणि कागदोपत्री ते आरमाराच्या सेवेतच आहे. त्याच्या डागडुजीसाठी इंडियाना राज्यातल्या नौदलाच्या एका तळावर, समुद्रापासून कितीतरी दूर, व्हाइट ओकची झाडे राखून ठेवली आहेत. ते जहाज आता कोणाशी लढणार नाही. एक स्मृती टिकवायची, म्हणून पुढच्या शतकातली झाडे आज सांभाळायची. भूतकाळावरच्या प्रेमातूनही भविष्याची काळजी निघू शकते.

जहाजाच्या लाकडाची गोष्ट निघाली की मराठी वाचकाला आज्ञापत्र आठवणारच. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या या राजनीतीच्या ग्रंथात आरमाराचे प्रकरण आहे. त्यात आंबा, फणस ही झाडे आरमाराच्या कामाची असली, तरी त्यांना हात लावू नये असे बजावले आहे. कारण असे दिले आहे, की ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी दीर्घकाळ वाढवलेली असतात. एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेलेच, तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे. जबरदस्ती करू नये. इथे झाडाची प्रतिष्ठा त्याच्या उपयोगातून येत नाही. उपयोग तर राज्याला आहेच. ती येते त्यात गेलेल्या काळातून आणि त्या काळात कोणीतरी वागवलेल्या काळजीतून. एका माणसाची दीर्घ काळजी राज्याच्या गरजेलाही थांबवू शकते, एवढे वजन तिला दिले आहे.

हे वजन मला महत्त्वाचे वाटते, कारण रोप लावणारा पुढच्यांना जे देतो त्यात झाड थोडे आणि हे वजन फार असते. त्याने लावलेला ओक तो गेल्यावर तरुण असेल. त्याच्या मागे तीन-चार पिढ्यांनी तो तोडायचा नाही, वाट रुंद करायची झाली तर ती वळवायची, भोवतीची सावली छाटायची. म्हणजे झाड लावणे ही पुढच्यांना दिलेली भेट कमी आणि त्यांच्याकडे केलेली विनंती जास्त आहे. ज्यांची संमती विचारता येत नाही अशांच्या गळ्यात आपण एक काम घालतो. याचे ओझे लावणाऱ्याने मान्य केले पाहिजे. निःस्वार्थपणाचे कौतुक ते लपवते.

आणि विनंती नेमकी कशाची? इथे बियाचा स्वभाव काही शिकवतो. मेरीलँड राज्यातल्या वाय मिल्स गावी एक व्हाइट ओक होता. त्याचे वय साडेचारशे वर्षांहून अधिक मानले जाई. १९३९ साली राज्याने ते एक झाड आणि त्याभोवतीची जागा विकत घेतली. ६ जून २००२ रोजी वादळात ते पडले. त्याआधीच त्याच्या फांद्यांची कलमे बांधून हुबेहूब तीच झाडे तयार करण्यात आली होती. त्यातले एक जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन इथल्या घराच्या आवारात लावले गेले. लोकांना तेच झाड हवे होते, आणि ही इच्छा समजण्यासारखी आहे. पण त्याच झाडाच्या बियांपासूनही अनेक वर्षे रोपे होत आली होती. ती रोपे म्हणजे तेच झाड नव्हे. ओकचे परागकण वाऱ्यावर येतात. बियाची आई माहीत असते, बाप माहीत नसतो. प्रत्येक रोप वेगळे निघते: एखादे सरळ, एखादे वाकडे, एखादे रोगाला भारी पडणारे.

कलम करणारा म्हणतो, हे असेच राहो. बी लावणारा म्हणतो, यातून काहीतरी होवो. पुढच्या पिढ्यांविषयी बोलताना आपण बहुतेक वेळा कलमाची भाषा बोलतो. आमची भाषा, आमची मूल्ये, आमची घरे जशीच्या तशी. पण ज्यांच्यासाठी ओक लावायचा ती माणसे आपली कलमे नसणार. ती त्याच्याकडे काय म्हणून पाहतील हे आपल्याला ठरवता येत नाही. पिंप, तुळई, देऊळ, सावली, की नुसती जागा अडवणारे एक जुने झाड. विनंती करायची ती एवढीच, की ठरवायला तुमच्यासमोर झाड असू द्या.

सॅम्युअल शेफलर या तत्त्वज्ञाने २०१३ सालच्या आपल्या पुस्तकात एक कल्पना मांडली आहे. समजा तुम्ही तुमचे पूर्ण आयुष्य जगाल, पण तुमच्या मरणानंतर तीस दिवसांत जग नष्ट होणार आहे. तर आज करत असलेल्या कामांपैकी किती कामे तुम्हाला कराविशी वाटतील? त्याचा निष्कर्ष असा, की आपण समजतो त्याहून फार थोडी. आपल्या कामांना अर्थ येतो तो मागे कोणीतरी राहणार या गृहीतावर. तसे असेल तर देण्या-घेण्याची दिशा दुहेरी ठरते. अजून न जन्मलेली माणसे आज गवत काढणाऱ्या हाताला अर्थ देत आहेत. ऋण असलेच तर ते मागच्यांपेक्षा पुढच्यांचे आहे.

माझ्या मते या कामाचा खरा पाया जाणीव हा आहे. शंभर वर्षांपूर्वी जंगल तोडणाऱ्याला पुढे काय उगवेल याची कल्पना नव्हती. उगवले ते त्याच्या पुण्याईने नव्हे, आणि न उगवते तर तो दोषही पुरता त्याचा नसता. आज आपल्याला माहीत आहे की छत्राखाली रोप नाही. मूळ कसे वळते, खार काय कुरतडते, ऊन किती लागते, हेही माहीत आहे. हे माहीत झाल्यावर काही न करणे हासुद्धा एक निर्णय होतो, आणि त्याची जबाबदारी आपल्यावर येते. त्यासाठी पूर्वजांनी दिलेच असले पाहिजे असे नाही. वारस नाही हे ज्याला दिसले, त्याच्यावर काम आले.

काम लहानच आहे. शंभर वर्षांतली पहिली दहा माणसाने करायची असतात. उरलेली नव्वद झाड स्वतः करते, पुढच्यांनी हात आवरला तर. त्या दहा वर्षांतही एक दिवस असा येतो, की खोड नळीत मावेनासे होते आणि नळी काढावी लागते. वेळेवर काढली नाही तर ज्या नळीने वाचवले तीच खोडाला काचते. ती काढायची, हरणे पोहोचणार नाहीत एवढा शेंडा वर गेला आहे याची खात्री करायची, आणि पुढच्या रोपाकडे वळायचे.